‘निदान वाचतोय तरी’ हे उत्तर नव्हे

धड पोलिसाचं आणि डोकं कुत्र्याचं, असा ‘डॉग मॅन’ नावाचा अमेरिकन कॉमिक्सचा नायक गेली काही वर्षं आपल्याकडच्या इंग्रजी शाळांतल्या मुलांच्या दप्तरात ठाण मांडून बसला आहे. शाळेत पुस्तक प्रदर्शन भरलं की सात ते अकरा वयाची मुलं आधी त्याच्या गठ्ठ्याकडे धावतात. परदेशातल्या मराठी घरांतही हेच. मग मोठ्यांचा वाद सुरू होतो. एक बाजू म्हणते, हे वाचनच नव्हे. शी-शूचे विनोद आणि वेडीवाकडी चित्रं यातून मूल काय शिकणार? दुसरी म्हणते, जाऊ द्या हो, मोबाइलपेक्षा बरं, निदान वाचतोय तरी; आज हे वाचेल, उद्या चांगलं वाचेल. मला हा वाद दोन्हीकडून चुकीचा वाटतो, आणि दुसऱ्या बाजूची चूक जास्त घातक वाटते. पहिल्या बाजूला त्या पुस्तकाचा राग तरी येतो. म्हणजे ते मुलावर काही परिणाम करेल एवढी ताकद ती त्यात मानते. दुसरी बाजू त्याला कडू औषधासोबत चाटवायच्या मधापलीकडे किंमत देत नाही. माझं म्हणणं सरळ आहे. लहान मुलांसाठीची ही विनोदी प्राणी-महानायकांची कॉमिक्स म्हणजे साहित्य आहे. चांगलं असेल तिथे ते साहित्य म्हणून वाखाणावं, वाईट असेल तिथे साहित्य म्हणूनच झोडपावं, आणि या दोन्हींसाठी मोठ्यांनी ते आधी वाचावं.

ज्यांनी हे पुस्तक उघडलेलं नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख. एका स्फोटात पोलीस आणि त्याचा कुत्रा दोघेही मरणाच्या दारात पोचतात. पोलिसाचं डोकं वाचण्यासारखं नाही, कुत्र्याचं शरीर वाचण्यासारखं नाही. मग कुत्र्याचं डोकं पोलिसाच्या धडावर शिवलं जातं आणि डॉग मॅन जन्माला येतो. तो चोर पकडतो. पण चेंडू दिसला की हातातलं काम विसरतो, आणि प्रेम आलं की साहेबांचं तोंड चाटतो. त्याचा वैरी पीटी नावाचा मांजर, हुशार आणि कडवट. पहिला भाग २०१६ साली आला, आणि २०२५ च्या सुरुवातीला चित्रपटही झाला. लेखक आणि चित्रकार एकच, डेव्ह पिल्की. जन्म १९६६, अमेरिकेतलं क्लीव्हलंड. शाळेत त्याला वाचताना अक्षरं त्रास देत, एका जागी बसवत नसे. डिस्लेक्सिया आणि एडीएचडी ही निदानं झालेला हा मुलगा वर्गाबाहेरच्या बाकावर बसवला जाई आणि तिथे चित्रकथा काढी. दुसरीत असताना त्याने रचलेला चड्डीतला महानायक पुढे १९९७ मध्ये ‘कॅप्टन अंडरपँट्स’ या नावाने छापला गेला. त्या मालिकेत जॉर्ज आणि हॅरॉल्ड हे दोन मित्र आहेत, आणि डॉग मॅन हे त्यांनीच काढलेलं कॉमिक आहे, अशी त्यामागची कल्पना. मुलांच्या पुस्तकाची सूत्रं मुलांच्याच हातात दिलेली आहेत, हे विसरून या पुस्तकांविषयी बोलता येत नाही.

आता विरोधकांचे खरे मुद्दे. ते पोकळ नाहीत. या पुस्तकांत शरीरधर्मावरचे विनोद आहेत आणि ते वारंवार येतात. जॉर्ज-हॅरॉल्डच्या चित्रकथांत स्पेलिंगच्या चुका मुद्दाम पेरलेल्या असतात; ज्या मुलाला आधीच स्पेलिंग जमत नाही त्याच्या आईला हे पाहून धास्ती वाटली तर ती चुकीची नाही. शब्दसंग्रह साधा आहे. मालिका लांबत गेली की एकाच साच्याचे प्रसंग पुन्हा पुन्हा भेटतात. आणि सर्वांत वजनदार आक्षेप: ही केवळ पुस्तकं राहिलेली नाहीत. त्यामागे मोठी प्रकाशनसंस्था आहे, चित्रपट आहे, खेळणी आहेत. ज्या पुस्तकाचा डोंगर प्रदर्शनाच्या दारातच रचलेला असतो ते ‘मुलाने स्वतः निवडलं’ असं म्हणणं अर्धसत्य आहे. हे सगळं मला मान्य आहे. मात्र यातला कोणताही आक्षेप ‘हे वाचन नव्हे’ या निष्कर्षापर्यंत पोचत नाही.

हा निष्कर्ष काढण्याची घाई अमेरिकेने पूर्वी एकदा केली आहे आणि तिची किंमत दोन पिढ्यांनी मोजली आहे. मे १९४० मध्ये ‘शिकागो डेली न्यूज’चा साहित्य-संपादक स्टर्लिंग नॉर्थ याने कॉमिक्सना राष्ट्रीय कलंक ठरवणारा लेख लिहिला. कॉमिक्समुळे मुलांच्या डोळ्यांवर आणि मज्जासंस्थेवर ताण येतो, असं त्याचं म्हणणं. लेख देशभर पुन्हा पुन्हा छापला गेला. १९४८ पर्यंत गोष्ट होळ्यांवर गेली. वेस्ट व्हर्जिनियातलं स्पेन्सर, न्यूयॉर्क राज्यातलं बिंगहॅम्टन अशा गावांत शाळकरी मुलांकडूनच कॉमिक्सचे ढीग पेटवले गेले. महायुद्ध संपून तेव्हा तीन वर्षं झाली होती. पुस्तकांच्या होळ्यांचा अर्थ काय, हे त्या वेळी कुणाला सांगावं लागत होतं का?

१९५४ मध्ये मनोविकारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम यांचं कॉमिक्सविरोधी पुस्तक आलं, सेनेटच्या उपसमितीपुढे सुनावण्या झाल्या आणि त्याच वर्षी प्रकाशकांनी स्वतःवर ‘कॉमिक्स कोड’ ही नियमावली लादून घेतली. वर्थम यांना खलनायक ठरवणं सोपं आहे, पण ते अन्यायाचं होईल. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या कृष्णवर्णीय रुग्णांसाठी नाममात्र शुल्कात त्यांनी दवाखाना चालवला. शाळांतल्या वंशविभाजनाविरुद्धच्या ऐतिहासिक लढ्यात त्यांची साक्ष कामी आली. माणूस मुलांच्या बाजूचाच होता. तरीही कॅरल टिली या संशोधिकेने वर्थम यांची कागदपत्रं खुली झाल्यावर तपासली आणि २०१२ मध्ये दाखवून दिलं की त्यांनी मुलांच्या जबान्या बदलल्या होत्या, जोडल्या होत्या, गैरसोयीचे तपशील गाळले होते. चांगल्या हेतूचा माणूस मुलांचं म्हणणं ऐकतो आणि लिहिताना स्वतःचं म्हणणं लिहितो, याचं याहून ढळढळीत उदाहरण मला माहीत नाही. आजच्या पालकसभेतही तेच घडतं. मुलाला ते पुस्तक का आवडतं, हा प्रश्न त्यालाच विचारलेला कितीदा दिसतो?

त्या कोडमध्ये काय होतं तेही पाहण्यासारखं आहे. पोलीस, न्यायाधीश, सरकारी अधिकारी आणि प्रतिष्ठित संस्था यांच्याविषयी अनादर निर्माण होईल असं चित्रण कधीही करायचं नाही, असं एक कलम होतं. प्रत्येक कथेत सत्प्रवृत्तीचा विजय व्हायलाच हवा, असं दुसरं. या कलमांखाली डॉग मॅन एक पान पुढे गेला नसता. पोलिसाच्या वर्दीतला कुत्रा, त्याच्यावर सतत खेकसणारे साहेब आणि मन बदलणारा गुन्हेगार, हे सगळंच त्या चौकटीबाहेरचं. कोडचं बंधन सैल होत होत २०११ मध्ये शेवटच्या प्रकाशकानेही ते सोडलं. मधल्या काळात अमेरिकन कॉमिक्स मुलांपासून दूर गेली आणि मोठ्या मुलग्यांच्या स्नायूंच्या कवायतीत अडकली. लहान वाचकासाठी कॉमिक्सचा कप्पा पुस्तकांच्या दुकानात पुन्हा नीट उभा राहायला नवं शतक उजाडावं लागलं.

प्राणी-महानायक ही मात्र पिल्कीची युक्ती नाही. सुपरमॅन आला १९३८ मध्ये, आणि चारच वर्षांत त्याच्या तोऱ्यावर हसणारे प्राणी हजर झाले. १९४२ मध्ये पडद्यावर आलेला उडणारा उंदीर पुढे ‘मायटी माउस’ म्हणून गाजला. त्याच वर्षअखेर कॅप्टन मार्व्हलची नक्कल करणारा ‘हॉपी द मार्व्हल बनी’ हा ससा कॉमिक्समध्ये आला. १९८३ मध्ये ‘स्पायडर-हॅम’ आला, त्याची कुळकथा मला फार आवडते. हा मुळात कोळी. किरणोत्सर्ग झालेल्या डुकरिणीने त्याला चावा घेतला म्हणून तो डुक्कर झाला. पुढच्याच वर्षी दोन तरुण चित्रकारांनी त्या काळच्या गंभीर, रक्तबंबाळ कॉमिक्सची थट्टा म्हणून चार कासवांना निन्जा बनवलं आणि पदरमोड करून कृष्णधवल अंक छापला. त्या कासवांनी पुढे जग जिंकलं. म्हणजे महानायक या कल्पनेइतकीच तिची थट्टा जुनी आहे, आणि ती थट्टा प्राण्यांच्या तोंडून होते. का? महानायक म्हणजे शरीरावरचा संपूर्ण ताबा. प्राणी म्हणजे ज्याचं शरीर त्याचं ऐकत नाही असा जीव. आठ वर्षांचं मूल या दोघांच्या मधोमध उभं असतं. त्याला उडायचं आहे, पण वर्गात दहा मिनिटं स्थिर बसता येत नाही. चेंडू पाहून काम विसरणाऱ्या नायकावर ते हसतं तेव्हा ओळख पटल्याचं हसतं. या हसण्याला ‘पाचकळ’ म्हणून बाजूला सारणारा समीक्षक विनोदाचं मर्म चुकतो आहे.

आता शी-शूचा मुद्दा. मराठी घरात तो फारच आत्मविश्वासाने मांडला जातो. आपल्या बाळाला आपण पहिली गोष्ट कोणती सांगतो? काऊचं घर शेणाचं आणि चिऊचं घर मेणाचं. पाऊस येतो, शेणाचं घर वाहून जातं, आणि दीड-दोन वर्षांचं मूल खिदळतं. त्याला ‘शेण’ हा शब्द ऐकूनच गुदगुल्या होतात, आणि सांगणारी आजी तो शब्द जरा लांबवून उच्चारते. गोष्टीतला कावळा बाहेर कुडकुडतो आहे हे दुःख आणि शेणाचं घर ही गंमत एकाच वेळी मुलाच्या मनात उतरतात. त्यापुढची गोष्ट टोपीवाल्या उंदराची. चिंधी मिळवून, शिंप्याकडून टोपी शिवून घेऊन तो ढोल बडवत राजाच्या वाड्यासमोर येतो. राजा टोपी काढून घेतो तर ‘राजा भिकारी’, परत देतो तर ‘राजा मला भ्याला’. दोन्हीकडून राजाच हरतो. कपडा अंगावर चढला आणि उंदीर निर्भय झाला; यात महानायकाचा पोशाख आहे, प्राणी आहे, सत्तेची टिंगल आहे, आणि तोंडात घोळणारं पालुपद आहे. अमेरिकन कोडच्या कारकुनाने ही गोष्ट नापास केली असती. आपल्या आज्यांनी ती शतकानुशतकं चालवली. मग तोच माल रंगीत पानांवर इंग्रजीतून आला की आपल्याला संस्कृतीची काळजी का वाटू लागते?

पंचतंत्राची चौकट तर या वादाचं उत्तरच आहे. महिलारोप्य नगरीचा राजा अमरशक्ती, त्याचे तीन मुलगे अभ्यासाच्या नावाने ठोंबे. दरबारात सांगितलं जातं की नुसत्या व्याकरणालाच बारा वर्षं लागतात. विष्णुशर्मा म्हणतो, सहा महिने द्या. आणि प्राण्यांच्या गोष्टी सांगायला बसतो. ‘आधी व्याकरण की आधी गोष्ट’ हा वाद तेव्हाचाच आहे, आणि ज्यांना आपण अभिजात म्हणतो त्यांनी गोष्टीच्या बाजूने निकाल दिला आहे. पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती पंचतंत्राची आणि डॉग मॅनची आशयाच्या पातळीवरची झुंज. पंचतंत्रातला चंडरव नावाचा कोल्हा निळीच्या पिंपात पडतो, अंगाला रंग लागतो, जंगलातले सिंह-वाघ त्याला राजा मानतात. मग एके दिवशी दूरवर कोल्हेकुई ऐकू येते, त्याच्याही गळ्यातून ती फुटते, आणि तो मारला जातो. वाघाचं कातडं पांघरलेलं गाढव ओरडतं आणि जिवाला मुकतं. ऋषीने उंदरीची मुलगी बनवली, तिला सूर्य नको, मेघ नको, वारा नको, पर्वत नको; शेवटी उंदीरच हवा. पंचतंत्राचा निर्वाळा कठोर आहे: स्वभाव जात नाही. राजपुत्रांना शत्रू ओळखायला शिकवणाऱ्या ग्रंथाला तो शोभतोही.

पिल्की याच प्रश्नाचं उलट उत्तर देतो, आणि ते तो सहज, फुकटात देत नाही. मालिकेच्या तिसऱ्या भागात पीटीला दुष्टपणासाठी साथीदार हवा असतो म्हणून तो स्वतःचीच प्रतिकृती बनवतो. हाती येतं ते मांजराचं पिल्लू. ‘का?’ ‘का?’ असं विचारत राहणारं, फालतू कोडी घालणारं, आणि पीटी वाईट आहे हे मान्यच न करणारं. पीटी आधी त्याला टाकून देतो. त्यानंतरच्या भागांत तो बदलतो, घसरतो, पुन्हा सावरतो. त्याला लहानपणी सोडून गेलेला बाप परत येतो आणि त्याला पुन्हा लुबाडतो. आता आपल्या कडवटपणाचं काय करायचं, हा प्रश्न मांजराच्या तोंडी येतो. ते पिल्लू एकदा पीटीकडे, एकदा डॉग मॅनकडे असं दोन घरांत वाढतं, आणि दोन घरांत वाढणारी कितीतरी मुलं ते वाचत असतात. स्वभाव बदलतो का, बापाचा वारसा मुलाने नाकारावा का, क्षमा आणि मूर्खपणा यांतली रेघ कुठे: हे प्रश्न पादण्याच्या विनोदाच्या शेजारच्या चौकटीत बसलेले आहेत. प्रौढांच्या कादंबरीत हेच प्रश्न असते तर आपण त्यावर परिसंवाद भरवले असते. नऊ वर्षांच्या वाचकाला ते भेटतात तेव्हा आपण विचारतो, यात शिकण्यासारखं काय?

चित्रांमुळे मूल आळशी होतं, हा आणखी एक समज. कॉमिक्स वाचणं म्हणजे दोन चौकटींमधल्या रिकाम्या पट्टीत काय घडलं ते स्वतः भरणं. पहिल्या चौकटीत उचललेला हात, दुसरीत फुटलेली बरणी. मधला क्षण छापलेला नाही, तो वाचकाच्या डोक्यात घडतो. शब्द एक सांगतात आणि चित्र भलतंच दाखवतं, त्या दरीत विनोद असतो, आणि ती दरी न दिसणाऱ्याला विनोद कळत नाही. शब्दसंपत्तीबाबत एक अभ्यास नेहमी विसरला जातो. हेज आणि आहरेन्स या संशोधकांनी १९८८ मध्ये निरनिराळ्या इंग्रजी मजकुरांत हजार शब्दांमागे दुर्मीळ शब्द किती येतात ते मोजलं. मुलांच्या पुस्तकांत सुमारे ३१, सुशिक्षित प्रौढांच्या बोलण्यात सुमारे १७, आणि कॉमिक्समध्ये सुमारे ५३. ती कॉमिक्स जुन्या, शब्दबहुल घडणीची होती. डॉग मॅनची भाषा त्याहून बरीच सोपी आहे, त्यामुळे हा आकडा त्याचं प्रमाणपत्र म्हणून मी वापरणार नाही. पण कॉमिक्स म्हणजे शब्दांचा दुष्काळ, हे सरसकट विधान मात्र त्या आकड्यापुढे टिकत नाही.

स्पेलिंगच्या चुकांचं काय? मी त्याकडे असं पाहते: चुका त्या दोन मुलांच्या चित्रकथांत आहेत, कारण त्या मुलांनी काढल्या आहेत. वाचणाऱ्या मुलाला एक गोष्ट ताबडतोब समजते, की अक्षर वाईट असलं, स्पेलिंग चुकलं, माणूस काडीचा काढला, तरी गोष्ट सांगता येते. पुस्तकाच्या शेवटी पात्रं कशी काढायची याच्या पायऱ्या दिलेल्या असतात, मध्ये पान फडफडवून चित्र हलवण्याचा खेळ असतो. म्हणूनच ही पुस्तकं वाचलेली मुलं वहीच्या मागच्या पानावर स्वतःची कॉमिक्स काढायला बसतात. वाचून लिहावंसं वाटणं ही प्रतिक्रिया आपण शाळेत दहा वर्षं धडे घेऊन किती मुलांत निर्माण करतो? शुद्धलेखन शिकवावंच, मी त्याची कडवी समर्थक आहे. मात्र ते शिकायला आधी मुलाकडे लिहिण्यासारखं काहीतरी असावं लागतं.

आता मी पुन्हा ‘निदान वाचतोय तरी’कडे येते, कारण ते वाक्य प्रेमाने बोललं जातं आणि म्हणून जास्त फसवं आहे. त्यात गृहीत आहे की हे पुस्तक पायरी आहे, खरं साहित्य वरच्या मजल्यावर आहे. मग दोन वर्षांनी मूल त्याच पायरीवर बसलेलं दिसलं की तेच पालक चिडतात आणि पुस्तक काढून घेतात. आनंदाची वाचनं पुढच्या वाचनाकडे नेतात हे बऱ्याचदा खरं असतं, नेहमी नाही. माझ्या आधीची पिढी बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा पाठ्यपुस्तकात लपवून वाचत होती. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या या माणसाचे धनंजय आणि झुंजार हे नायक म्हणजे त्या काळच्या शिक्षकांच्या लेखी वाया जाण्याचा राजमार्ग होता. त्यातले काही वाचक पुढे मर्ढेकरांपर्यंत गेले, काही आयुष्यभर रहस्यकथाच वाचत राहिले, आणि दुसऱ्या गटाचं आयुष्य वाया गेलं असं म्हणायची माझी तयारी नाही. ब्रिटनमधल्या नॅशनल लिटरसी ट्रस्टच्या अलीकडच्या पाहण्यांत आठ ते अठरा वयाच्या तीनपैकी साधारण एकच मूल म्हणतं, मला फावल्या वेळात वाचायला आवडतं. या परिस्थितीत आवडीने वाचलेलं पुस्तक पायरी म्हणून खपवायचं आणि त्यातला आनंद तात्पुरता ठरवायचा, म्हणजे शिल्लक राहिलेलंही उधळणं आहे.

पुस्तक पायरी नसून पुस्तक आहे असं मानलं, की त्याच्यावर टीका करण्याचा अधिकारही मिळतो. पिल्कीचंच उदाहरण घ्या. अमेरिकन ग्रंथालय संघटनेच्या यादीत सर्वाधिक हरकती घेतलेलं पुस्तक म्हणून ‘कॅप्टन अंडरपँट्स’ २०१२ आणि २०१३ अशी दोन वर्षं पहिल्या क्रमांकावर होतं. असभ्य भाषा, अनादर वगैरे कारणं. त्या हरकतींनी पुस्तक बदललं नाही, वाचक घटले नाहीत. उलट २०२१ मध्ये एका कोरियन-अमेरिकन पालकाने पिल्कीच्या २०१० मधल्या दोन गुहामानवांच्या पुस्तकाबद्दल नेमके आक्षेप घेतले: आशियाई पात्रांचं रेखाटन, त्यांचं बोलणं, कुंगफूचा गुरू म्हणून उभं केलेलं ठरीव सोंग. प्रकाशकाने पुस्तक मागे घेतलं. पिल्कीने जाहीर माफी मागितली. पुस्तक मागे घ्यावं की नव्या टिपणीसह ठेवावं यावर माझं मत प्रकाशकापेक्षा वेगळं आहे, मला ते ठेवलेलं आवडलं असतं. पण टीका कशी करावी याचा हा धडा आहे. ती करणाऱ्याने पुस्तक वाचलं होतं, पानावर बोट ठेवलं होतं, आणि त्यातून मूल काय शिकतं हे सांगितलं होतं. ‘कॉमिक्स वाईट’ असं तो म्हणालाच नाही. असंच बोट ठेवून मीही म्हणेन की डॉग मॅनच्या नंतरच्या भागांत कथानकं सैल झाली आहेत, मारामारीची पानं भरतीची वाटतात, आणि एकही शब्द न बोलणारा मूळ नायक स्वतःच्याच मालिकेत पाहुणा झाला आहे. हे माझ्या घरातल्या वाचकाला मी सांगितलं तेव्हा त्याने पुराव्यासकट वाद घातला, आणि त्या वादात तो कथानक, पात्र, लय यांविषयी जे बोलला ते त्याच्या प्रश्नोत्तरांच्या वहीत कधी उतरलेलं नाही.

राहिला बाजारपेठेचा आक्षेप, जो मी सर्वांत वजनदार म्हटला. तो मराठीत अधिकच टोचतो. आपली मुलं पोट धरून हसतात ती इंग्रजीत, कारण हसवणारं कॉमिक त्यांना इंग्रजीतच मिळतं. याचा उपाय इंग्रजी पुस्तक काढून घेणं हा नाही. आपल्याकडे काही नव्हतं असंही नाही. ‘इंद्रजाल’ने १९६४ पासून पुढे कॉमिक्स आणली आणि मराठी मुलांनी वेताळ आपलासा केला, ‘चांदोबा’ घराघरांत होता, १९८० मध्ये अनंत पै यांनी सुरू केलेल्या ‘टिंकल’मध्ये कोल्ह्याला आणि मगरीला पुरून उरणारा कालिया कावळा होता, ‘चिंटू’ १९९१ पासून वर्तमानपत्रातून रोज भेटत राहिला. विंदा करंदीकरांसारख्या ज्ञानपीठ मिळवणाऱ्या कवीने मुलांसाठी निव्वळ वेडगळ कविता लिहिण्यात कमीपणा मानला नाही. सोंगाड्या, पेंद्या, संकासुर अशी विनोदाची भरभक्कम परंपरा आपल्या मंचावर आहे. तरी नऊ वर्षांच्या मुलाला सलग दोनशे पानं मराठीत हसवणारं, रंगीत, त्याच्याच खोडकरपणाने रचलेलं चित्रपुस्तक मागितलं तर दुकानदार बोधकथा काढून देतो. आणि मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीनुसार ग्रामीण भारतात पाचवीतल्या निम्म्याहून थोड्या अधिक मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत नाही. ज्या पुस्तकात अर्धा अर्थ चित्र पेलतं, त्याची गरज इंग्रजी शाळेतल्या मुलापेक्षा या मुलांना कितीतरी जास्त आहे.

रंगीत छपाई महाग, आवृत्ती लहान, हे प्रकाशकांचं रडगाणं खोटं नाही. आकडे मांडून पाहिले तर त्यांच्या जागी मीही कचरेन. पण खर्चाची सोय करता येते. कासवांचा पहिला अंक कृष्णधवलच होता, आणि ‘बालभारती’चं ‘किशोर’ १९७१ पासून मुलांपर्यंत पोचतं आहे. एखादी विनोदी चित्रकथा त्यात दोन-तीन वर्षं सलग चालवून मग पुस्तक करता येईल. ग्रंथालयांच्या खरेदीत बालवाङ्मयाबरोबर चित्रकथांना वेगळा वाटा ठेवता येईल. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत मुलांच्या कॉमिक्सचं परीक्षण छापता येईल, आणि ते दहा वर्षांच्या परीक्षकाकडून लिहून घेता येईल. खरी अडचण करारात आहे. कॉमिक्समध्ये चित्रकार हाच लेखक असतो. मराठीत मात्र चित्रकाराला चित्रामागे ठरावीक रक्कम देऊन मोकळं केलं जातं आणि मानधनाचा हक्क शब्द लिहिणाऱ्याकडे राहतो. दोनशे पानं एकट्याने काढायला दीड-दोन वर्षं लागतात. ती वर्षं चित्रकाराने कशावर काढायची? विक्रीत बरोबरीचा वाटा आणि कामाआधी निम्मं मानधन, असा करार करायला कोणता मराठी प्रकाशक तयार आहे?